ताईला मासे बघायचे होते

ताई निवृत्त झाली तेव्हा तिला काय द्यायचं यावर आमच्या घरात आठवडाभर खल चालला होता. अंगठी दिली असती तर तिनं ती माझ्या मुलीच्या बोटात घातली असती. साडी दिली असती तर पुढच्या लग्नात ती मलाच नेसायला लागली असती. शेवटी माझा नवरा म्हणाला, "वस्तू नकोच. त्यांना कुठंतरी घेऊन जाऊ या. उचलून परत आपल्यालाच देता येणार नाही असं काहीतरी."

म्हणून आम्ही तिघं तारकर्लीला गेलो. मुलीची परीक्षा होती, ती परळला घरीच थांबली.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि ती नुकती बारावी झाली होती. नायगावला बीडीडी चाळीत आमची एक खोली. गिरणी बंद पडल्यावर वडील, म्हणजे आमचे आबा, एका गोडाऊनवर रखवालदारी करायचे. ताईनं नर्सिंगचा कोर्स केला, महापालिकेच्या इस्पितळात लागली आणि त्याच पगारात मला वाढवलं. माझ्या वेण्या तिनं घातल्या, पालकसभेला ती आली, मला पहिली पाळी आली तेव्हा हातातलं वर्तमानपत्र बाजूला सारून सगळं समजावून सांगितलं ते तिनंच. तिला स्थळं येत होती. "धाकटी आहे अजून," असं सांगून आबा ती परत पाठवायचे आणि ताई मान डोलवायची. मग धाकटी मोठी झाली, लग्न करून परळला गेली. तोवर आबा अंथरुणाला खिळले होते. आबा गेले तेव्हा ताईच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले होते आणि स्थळं यायची केव्हाच थांबली होती.

चाळीत, विहारात, इस्पितळात, सगळीकडे ताईबद्दल एकच वाक्य ऐकू यायचं, आईची जागा घेतली हो पोरीनं. निरोपसमारंभात तिच्या मेट्रनबाई माईकवर म्हणाल्या, "ही बाई दुसऱ्यांसाठीच जन्माला आली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई खुर्चीत बसून पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडवत होती. तिनं वर बघितलं नाही. आम्हाला वाटलं, लाजली.

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायला लावल्यापासून ती आमच्याकडे परळला राहत होती. नव्या टॉवरमधलं घर मिळेपर्यंत, असं म्हणायचं. पण ते 'मिळेपर्यंत' कुणीच धरून चाललं नव्हतं. ताई आता आमच्याकडेच राहणार हे कुणी न ठरवताच ठरलं होतं. पोरीच्या खोलीत तिचा पलंग लागला होता. सकाळचे डबे ती करायची. "माझं काय, मी कुठंही पडून राहीन," हे तिचं पालुपद होतं आणि आम्हाला ते इतकं सवयीचं झालं होतं की ऐकूच यायचं नाही.

तारकर्लीचा रिसॉर्ट किनाऱ्याला लागूनच होता. माडांखाली ओळीनं कौलारू खोल्या, मध्ये झोपाळे, पुढं सरळ वाळू. आमचा समुद्र म्हणजे दादरची चौपाटी. करड्या पाण्यात घोट्यापर्यंत पाय बुडवायचे, कणीस खायचं आणि घरी यायचं. इथलं पाणी बघून ताई कठड्याला धरून उभीच राहिली. "अगं, तळ दिसतोय," ती म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं हे वाक्य तीन-चारदा तरी म्हटलं असेल.

रिसॉर्टवाल्यांनी दुसऱ्या दिवशीची अर्ध्या दिवसाची सहल सुचवली. सकाळी पाणी नितळ असतं म्हणून आधी किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग, मग बोटीनं डॉल्फिन बघायला जायचं, मग खाडीच्या मुखाशी वाळूचं एक बेट आहे तिथं थोडा वेळ, आणि जेवायला परत. नवऱ्याला पाण्याची भीती. तो म्हणाला, मी बोटीत बसून फोटो काढतो. मी तर हरखलेच होते, कारण मला पोहायला येतं.

मला पोहायला येतं तेही ताईमुळे. आमच्या चाळीतून तेव्हा मुलींना पोहायला कोण पाठवायचं? पण ताईच्या वॉर्डात एकदा बुडालेली मुलगी आली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती मला दादरच्या तरणतलावावर घेऊन गेली. रात्रपाळी करून आलेली ताई तिथल्या बाकावर बसून पेंगायची. मी डुबकी मारली की दचकून उभी राहायची आणि मी वर आले की पुन्हा बसायची. "तू पण शीक ना," मी म्हणायचे. "मला कशाला?" ती म्हणायची. ती कधीच पाण्यात उतरली नाही.

बोटीत आमच्याबरोबर कोल्हापूरकडचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. बोट चालवणारा एक म्हातारा आणि आम्हाला पाण्यात घेऊन जाणारा गाईड, असे दोघं. गाईड तिशीतला, उन्हानं रापलेला, सतत हसणारा माणूस होता. त्यानं सगळ्यांना केशरी लाइफ जॅकेटं दिली, डोळे-नाक झाकणारा मास्क कसा लावायचा आणि तोंडातली नळी दातात कशी धरायची ते दाखवलं. मी चांगली पोहते हे ऐकल्यावर मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला येता. तुम्ही जॅकेट काढलात तरी चालात. खाली जाऊन बघूक गावता मग." मी जॅकेट काढून बोटीत टाकलं.

पहिल्यांदा मी आणि ते जोडपं उतरलो. खाली बघितलं आणि मी सगळं विसरले. खडकांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी वाढलेलं होतं, त्याच्या फटींतून काळे-पिवळे पट्टे असलेले मासे आत-बाहेर करत होते. एक मासा माझ्या बोटांपाशी येऊन थांबला, बघून गेला. मी वर येऊन ओरडले, "ताई, केवढे मासे आहेत! अगदी हाताजवळ येतात!"

ताई बोटीच्या काठाला धरून वाकून बघत होती. वरून तिला नुसतं हलतं पाणी दिसत असणार. ती गाईडला म्हणाली, "मला पण बघायचेत."

नवऱ्याला आश्चर्य वाटलं. "ताई, नक्की? तुम्हाला पोहता येत नाही."

"जॅकेट आहे ना. मला बघायचेत मासे."

तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी खूश झाले. गाईड म्हणाला, "मावशी, काय एक होवचा नाय. तोंडान श्वास घेवा, नाकान नको. रिंगेक धरून रवा." एक मोठी हवेची ट्यूब होती, तिला धरून तरंगायचं आणि तोंड पाण्यात घालायचं. जॅकेटचा खालचा पट्टा पोटात रुततोय म्हणून ताईनं तो सैल केला होता. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिच्या सलवारीत हवा भरून ती फुगली, आम्ही हसलो, तीही हसली. मग तिनं तोंड पाण्यात घातलं. नळीतून तिचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. तिनं एक हात सोडून खाली बोट दाखवलं. पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा आला होता. तिनं तोंड वर काढलं, नळी काढली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "बघितले! मी बघितले गं!"

आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं. तेवढ्यात बाजूनं दुसरी एक बोट गेली आणि तिची लाट आमच्याकडे आली. मोठी नव्हती, पण नळीतून तिच्या तोंडात पाणी गेलं असावं. तिनं खोकत मास्क ओढला, मास्कमध्ये पाणी भरलं, हातातून ट्यूब सुटली. सैल जॅकेट वर सरकून तिच्या कानांपर्यंत आलं. गाईड त्या क्षणी कोल्हापूरच्या मुलीचा मास्क नीट करत होता. मी ताईच्या जवळ होते. "ताई, मला धर," मी म्हटलं आणि हात पुढं केला.

तिनं मला धरलं. आधी हात, मग खांदा, मग डोकं. एवढ्या जोरानं तिनं कधी मला धरलं नव्हतं. मी पाण्याखाली गेले. मला वाटलं, आता ती सावरेल, सोडेल. तिचा गुडघा माझ्या मानेवर आला. मी वर यायला बघितलं तर तिच्या हातानं माझे केस मुठीत धरून मला खाली दाबलं. चुकून नाही. रेटून. शिडीच्या पायरीवर आपण भार टाकतो तसं. मला तिचे पाय दिसत होते, फुगलेली सलवार, घोट्याजवळची ती जुनी भाजल्याची खूण. मी तिला ढकलत होते आणि ती हलत नव्हती. मग मी श्वास घेतला आणि आत पाणी गेलं.

गाईडनं तिला मागून ओढलं तेव्हा मी वर आले. किती वेळ गेला असेल, सांगता येणार नाही. नवरा नंतर म्हणाला, फार नाही, काही क्षण. त्याला वाटलं होतं आम्ही खेळतोय.

बोटीत मला वर घेतलं आणि मी पालथी पडून खारं पाणी ओकले. घशातून नाकापर्यंत आग होत होती. कोल्हापूरची ती मुलगी माझी पाठ चोळत होती. इतकी वर्षं लोकांचे श्वास सांभाळणारी ताई समोरच्या फळीवर बसून होती, हात मांडीवर, डोळे माझ्यावर. ती उठली नाही. जवळ आली नाही.

मला बरं वाटतंय असं बघितल्यावर गाईडला हायसं वाटलं. वातावरण हलकं करायला तो म्हणाला, "मावशींनी तर तुमची शिडीच केली, मॅडम!" सगळे हसले. नवरा हसला. मीही हसले, कारण खोकला थांबला होता आणि हसलं की सगळं झालं गेलं होईल असं वाटलं. ताई हसली नाही.

"होता असा," गाईड म्हणाला. "घाबरलेलो माणूस समोर जो गावता त्याका धरता."

नवरा म्हणाला, "परत जाऊ या का आपण?" पण बोट आमच्या एकट्यांची नव्हती. त्या जोडप्याला डॉल्फिन बघायचे होते, त्यांचा काय दोष? मी म्हटलं, जाऊ या, मी ठीक आहे. मग आम्ही राहिलेली सहल केली. आजही त्या दोन तासांची आठवण पाण्याखालच्या त्या क्षणांपेक्षा मला जास्त जड वाटते. ओल्या कपड्यांत वारा लागत होता. डॉल्फिन आले, एकदम पाच-सहा, पाठी चमकवत. सगळे ओरडले, नवऱ्यानं व्हिडिओ काढला. मी तिकडे बघत होते आणि मला ताईचे हात दिसत होते. वाळूच्या बेटावर उतरलो. कोकम सरबताच्या टपऱ्या होत्या. नवऱ्यानं तिघांना सरबत आणलं. ताईनं ग्लास हातात धरला तो तसाच, शेवटी वाळूत ठेवून दिला. आम्ही दोघं एका छत्रीखाली बसलो होतो आणि ताई छत्रीच्या सावलीबाहेर उन्हात सरकून बसली होती.

"ताई, आत ये, ऊन लागेल," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली.

खोलीत परत आल्यावर मी ठरवलं की काही झालंच नाही असं वागायचं. तिला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हणाले, "घाबरलीस गं तू. कुणीही घाबरेल. तुला भानच नव्हतं."

ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं पुढचा टॉवेल उचलला.

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. माझे केस मिठानं राठ झाले होते, सुटता सुटत नव्हते. सवयीनं ताईनं कंगवा घेतला. "ये, सोडवून देते," ती म्हणाली. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. परळला आल्यावरही रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावायची. मी तिच्यापुढं बसले. तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि माझी मान आपोआप बाजूला झाली. मी काही केलं नव्हतं. मानेनं केलं. खांदे वर आले.

हात थांबला. मग तिनं कंगवा माझ्या मांडीवर ठेवला. "तूच कर," म्हणाली आणि आत गेली. मी कंगवा हातात घेऊन बसून राहिले. उठून तिच्यामागे गेले असते तर काय बोलले असते, मला ठाऊक नव्हतं.

मुंबईत परतल्यावर वरवर सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. डबे, कुकर, दूधवाला. पण ताई माझ्याजवळून जाताना अंग चोरून जायची. स्वयंपाकघर अरुंद, तिथं एकमेकींना ओलांडून जावं लागतं. ती मला आधी जाऊ द्यायची. मला रात्री झोपेत धाप लागायची. नवरा विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, स्वप्न पडलं. ताईला भिंतीपलीकडे ते ऐकू जात असणार. न्हाताना डोक्यावर शॉवर घेतला की मी डोळे मिटू शकत नव्हते, तांब्यानं पाणी घ्यायला लागले.

मग एक दिवस ताई म्हणाली, "मी काही दिवस नायगावला राहते. माझ्याबरोबर इस्पितळात नर्स होती ना, ती एकटी आहे, तिची सून बाळंतपणाला गेलीय." बॅग भरून गेली. काही दिवसांचे आठवडे झाले. फोनवर ती माझ्या मुलीशी बोलायची, माझ्याशीही बोलायची, तब्येत विचारायची. मी म्हटलं, कधी येतेस? ती म्हणायची, बघू. मग कळलं की तिनं नायगावलाच, पोलीस क्वार्टर्सच्या मागच्या एका इमारतीत, भाड्यानं खोली घेतली आहे. मला कळलं ते मुलीकडून. तिला ताईनं सांगितलं होतं.

नवरा म्हणाला, "तू जाऊन बोल. हे असं बरं नाही."

मी गेले. शनिवारची दुपार होती. बाहेर चाळी पाडायचं काम चालू होतं. आमची चाळ जिथं होती तिथं पत्रे लावले होते आणि वर क्रेन फिरत होती. ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर. नवा गॅस, नवी चटई, खिडकीला नवा पडदा. भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिनं मला पाणी दिलं आणि स्टुलावर बसली, माझ्यापासून जरा लांब.

"ताई, तू माझ्यामुळे गेलीस ना?" मी विचारलं.

"तुझ्यामुळे नाही."

"मला तुझा राग नाही. खरंच."

"तुझी मान वेगळं सांगते," ती म्हणाली.

माझा हात मानेकडे गेला. बाहेर यंत्रांचा आवाज चालू होता. तिनं उठून खिडकी लावली आणि पुन्हा बसली.

"सगळे म्हणाले, घाबरली, भान नव्हतं. तू पण तेच म्हणालीस. मला भान होतं गं." ती हळू बोलत होती, वॉर्डात नातेवाइकांना एखादी गोष्ट सांगताना बोलायची तशी. "हाताखाली तुझं डोकं आहे हे मला कळत होतं. केस हाताला लागत होते. तुझे केस मी झोपेतसुद्धा ओळखीन. आणि तरी मी दाबलं."

"जीव वाचवायला कुणीही..."

"हो. कुणीही. मी पण कुणीतरीच निघाले."

मी म्हटलं, "अगं, त्यात काय? कुणी तुला देवी थोडीच समजतं?"

"समजतात," ती म्हणाली. "सगळेच समजतात. आणि मीही समजायला लागले होते. ऐकून ऐकून." तिनं चटईचा कोपरा पायानं सरळ केला. "वॉर्डात किती माणसं जाताना बघितली. मला वाटायचं, माझं काय, बोलावणं आलं की मी निघाले. तू मार्गी लागलीस, आबा गेले, आता कशात अडकायचं? खरंच वाटायचं तसं. नाटक नव्हतं. आणि तिथं पाण्यात... मला जगायचं होतं. एवढं जगायचं होतं मला, की तूसुद्धा दिसली नाहीस. दिसलीस, तरी. हे मला माझंच माहीत नव्हतं."

ती रडत नव्हती. तिच्या आवाजात रडण्यापेक्षा राग जास्त होता, पण कुणावर ते कळत नव्हतं.

"मग इतकी वर्षं मी काय करत होते?" ती म्हणाली.

मला तेव्हा जी भीती वाटली ती पाण्यातल्या भीतीसारखी नव्हती. माझं अख्खं बालपण या बाईच्या हातचं होतं. ज्याला मी माया म्हणत आले त्या सगळ्या वर्षांकडे ती आता दुसऱ्या नजरेनं बघत होती आणि तिला तिथं काय दिसेल ते माझ्या हातात नव्हतं. न विचारता राहवेना म्हणून मी विचारलं, "तुला वाईट वाटतं? माझ्यासाठी थांबलीस त्याचं?"

ती पटकन "छे" म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तिनं वेळ घेतला.

"कधी कधी," ती म्हणाली. "आधी वाटायचं नाही. म्हणजे वाटत असेल, मी तिकडे बघायचे नाही. आता बघते."

माझे डोळे भरून आले. ती उठून जवळ आली नाही. पूर्वी ती आली असती, पदरानं माझं तोंड पुसलं असतं, स्वतःचंच बोलणं खोडून काढलं असतं.

"राग आला?" तिनं विचारलं.

"हो."

"येऊ दे," ती म्हणाली. "चहा टाकते."

आम्ही चहा प्यायलो. तिनं मुलीच्या कॉलेजचं विचारलं, मी सांगितलं. निघताना दारात दोघी क्षणभर घोटाळलो. शेवटी तिनं माझी पर्स माझ्या हातात दिली आणि मी जिना उतरले. नायगावहून परळपर्यंत मी चालत गेले. रस्ताभर मला वाटत होतं की माझं काहीतरी काढून घेतलं गेलं आहे. आणि मग वाटायचं, ते माझं होतंच कशावरून?

नवऱ्याला मी त्यातलं थोडंसंच सांगितलं. तो म्हणाला, "होईल सगळं पूर्वीसारखं." पूर्वीसारखं झालं नाही. ताई परळला राहायला आली नाही. नव्या इमारतीतल्या घराची चावी मिळाली तेव्हा विहारातल्या बायकांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी गृहीत धरलं की ते घर माझ्या मुलीसाठी. माझ्या मुलीनंही कुठं कपाट लावायचं ते मनात ठरवलं असावं. ताईनं सरळ सांगितलं, "इथं मी राहणार आहे." कुणीतरी म्हणालं, "अगं, एकटीला कशाला एवढं घर?" तेव्हा ती म्हणाली, "मला हवंय म्हणून." मुलगी घरी येऊन रुसून बसली. मी तिला समजावलं, पण समजावताना मलाही कुठंतरी टोचत होतं. एवढी वर्षं जे न मागता मिळायचं ते मिळेनासं झालं की माणसाला आपण किती घेत होतो ते कळतं, आणि ते कळणं काही सुखाचं नसतं.

मी पोहणं सोडलं आहे. ताईलाही मी पुन्हा समुद्राकडे चल म्हटलेलं नाही. एकदा शिवाजी पार्कला फेरी मारून आम्ही चौपाटीपर्यंत गेलो होतो. कठड्यापाशी ती थांबली आणि मी थांबले, मग आम्ही मागे वळलो.

रविवारी मी तिच्याकडे जाते. ती अठराव्या मजल्यावर राहते. घरात तिनं हळूहळू स्वतःच्या आवडीच्या वस्तू आणल्या आहेत, आणि त्यातल्या काही मला आवडत नाहीत. हिरव्या रंगाचा सोफा, भिंतभर टीव्ही. ती मालिका बघते, मोठ्यानं हसते. मागच्या हिवाळ्यात विहारातल्या बायकांबरोबर सांचीला जाऊन आली, मला न विचारता, नुसतं सांगून. तिथले फोटो तिनं मला दाखवले. एका फोटोत ती उन्हात डोळे बारीक करून एकटीच उभी आहे आणि मला क्षणभर ती ओळखू आली नाही.

आम्ही भांडत नाही. एकमेकींची काळजीही करतो. तिला ताप आला तर मी जाते, मला बरं नसलं तर ती डबा पाठवते. पण दोघींच्या बोलण्यात आता एक जपणं आलं आहे, नव्यानं ओळख झालेल्या माणसांत असतं तसं. कधी कधी मला ते फार लागतं. कधी वाटतं, मी हिला आत्ता कुठं भेटते आहे.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे भांडी घासायला उठले. तिनं मला थांबवलं.

"राहू दे, उद्या बाई येईल," ती म्हणाली. मग जांभई देत सोफ्यावर आडवी होत म्हणाली, "आता तू जा गं. मला जरा पडायचंय."

असं तिनं मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी चपला घातल्या. तिनं डोळे मिटले होते. मी दार ओढून घेतलं आणि लिफ्टची वाट बघत उभी राहिले.